झुराकान आपाचे उलटे हात

झुराकान आपाचे तळवे साधेच होते, कष्टाच्या बाईचे असतात तसे. पण हातांची मागची बाजू मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत भाजलेली, तकतकीत, जागोजागी आकसलेली. किर्गिझ डोंगरांतल्या नारीन नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या शाळेची भट्टी तिने सत्तावीस वर्षं पेटवली. नोव्हेंबर ते मार्च कोळसा घालायचा, राख उपसायची, पाइपात पाणी खेळतंय का ते कान लावून ऐकायचं. मुलं आठला यायची तेव्हा वर्ग उबदार असायचे. एकदा झडप उघडताना जाळ बाहेर आला आणि दोन्ही हात मागून पोळले. हाताला चिंध्या बांधून तिने त्या आठवड्यातही शाळा गार पडू दिली नाही. हे ती अजून ऐकवते, आणि कुणी न विचारता ऐकवते.

अशा बाईला शाळेच्या दारातून हाकलायचं म्हणजे कुणाशी वैर घेतोय याचा आधी जरा विचार करायला हवा होता. राइसा कासिमोव्नाने तो केला नाही.

झालं असं. मुलगा आणि सून मॉस्कोला कामाला गेले, दोन वर्षांची चोल्पोनाय आपाच्या पदरात टाकून. मेंढ्या विकून मुलाने शहराच्या कडेला, कालव्यापलीकडच्या कोकजार वस्तीत जमिनीचा एक तुकडा घेतला होता. त्यावर दोन खोल्या आणि एक तंदूर. वस्तीत घरं चार हजार, शाळा एकही नाही. मात्र शाळेच्या पायाभरणीचा दगड होता. लाल ग्रॅनाइटचा, सोनेरी अक्षरांचा, उजवा कोपरा तुटलेला. निवडणूक आली की कुणीतरी मोठा माणूस यायचा, रिबीन कापायचा, दगड बसवायचा, टाळ्या व्हायच्या. निवडणूक सरली की पालिकेचा ट्रक येऊन दगड परत घेऊन जायचा. असं दोनदा झालं होतं. दुसऱ्या वेळी वस्तीतली वडीलधारी बाई म्हणून आशीर्वाद झुराकान आपानेच दिला होता, तळवे आभाळाकडे करून, मनापासून, डोळ्यांत पाणी आणून. ते पाणी आठवलं की पुढे तिला स्वतःचीच चीड यायची.

चोल्पोनाय सात वर्षांची झाली. मॉस्कोहून आईबापाने जांभळं दप्तर पाठवलं, त्यावर चंदेरी घोडा. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आपा तिला घेऊन कालव्याच्या अलीकडच्या शाळेत गेली. आठशे मुलांसाठी बांधलेल्या त्या इमारतीत अडीच हजार मुलं तीन पाळ्यांत शिकत होती. मुख्याध्यापिका राइसा कासिमोव्ना टेबलामागे बसली होती. केस पिवळे रंगवलेले, मनगटात बारीक सोन्याचं घड्याळ.

"रहिवासाचा शिक्का?" तिने विचारलं.

"शिक्का अजून नाही मिळाला. वस्तीत कुणालाच नाही," आपा म्हणाली. "पोरगी हुशार आहे. वीसपर्यंत येतं. कागद मागून आणून देते."

राइसाने पोरीच्या बुटांकडे पाहिलं. कालव्याकाठचा चिखल त्यांना लागलेला होता आणि तो आता गालिच्यालाही लागला होता. मग ती शेजारच्या कारकून बाईकडे वळून रशियनमध्ये म्हणाली, "आणखी एक मिर्क. मेंढ्या सोडून इकडे यायचं ह्यांना सांगतं कोण?"

मिर्क म्हणजे खेड्यातून शहरात आलेल्या अडाण्याला शहरवाले हासडतात ती शिवी. राइसाला वाटलं, डोंगरातल्या म्हातारीला रशियन काय कळणार. पण भट्टीच्या यंत्राचं सगळं पुस्तक रशियनमध्येच होतं, आणि ते आपाला पानन् पान पाठ होतं. ती वळली. पोरीचा हात धरला आणि बाहेर आली.

वाटेत चोल्पोनायने विचारलं, "चोनआपा, मिर्क म्हणजे काय गं?"

"डोंगरातलं एक पाखरू," आजी म्हणाली.

पुढचे आठ दिवस पोरगी अंगणात हात पसरून धावत होती आणि ओरडत होती, "मी मिर्क! मी मिर्क!" आपा तंदूरमध्ये भाकरी थापत ऐकत होती. बोटं भाजली तरी तिला कळत नव्हतं. त्या आठ दिवसांत तिच्या मनात जे शिजलं त्याला न्यायबिय म्हणायची गरज नाही. तिला सूड हवा होता. ती बाई एक दिवस आपल्या उंबऱ्यावर हात जोडून उभी राहिलेली तिला बघायची होती.

भिंतीला भिंत लागून सोनुनचं घर. शिवणकाम करणारी तरुण बाई, तीन पोरं, तिन्ही शाळेबाहेर. सोनुन दुसऱ्याच घडणीची. तिने वही घेतली, गल्लोगल्ली फिरली, आणि शाळेबाहेरची दोनशे चौदा मुलं नावनिशीवार लिहून काढली. मग अर्ज केले. शिक्क्याची अट काढा, वस्तीच्या शाळेला ठरवलेला निधी द्या. उत्तर यायचं, प्रस्ताव विचाराधीन आहे. शेवटी पालिकेतल्याच एका शिपायाने तिला सांगून टाकलं की तो निधी चौकातल्या नव्या कारंज्यात गेला.

"कारंज्यात?" आपा म्हणाली. "बघून तरी आलीस का?"

"आले. रंगीत पाणी उडतं, आपा. गाण्यावर."

"मग पोरांना तिथेच नेऊन बसवू. भिजत भिजत शिकतील."

"आपा, तुम्ही चेष्टा करा. मी पुन्हा अर्ज करते."

"कर बाई, कर. तू कागदाने कर, मी माझ्या पद्धतीने करते."

"तुमची पद्धत कुठली?"

"अजून ठरायची आहे," आपा म्हणाली, आणि ते खरंच होतं.

ऑक्टोबरात पुन्हा निवडणूक आली. राइसा कासिमोव्नाला बढती मिळाली आणि ती शहराच्या शिक्षण खात्याची प्रमुख झाली. तिच्या हस्ते कोकजारच्या शाळेचा पाया घालायचं ठरलं. तिसऱ्यांदा. आदल्या दिवशी ट्रक आला, दगड उतरवला. कोपरा तुटलेला तोच दगड. पालिकेचा एक चुणचुणीत तरुण आपाच्या अंगणात आला.

"आपा, आशीर्वाद तुम्हीच द्यायचा हं. छोटासा. कॅमेरे असतील, म्हणून पांढरा रुमाल बांधा. आणि ते हात..." तो थबकला. "म्हणजे तळवेच दिसतील ना, मग काही हरकत नाही."

"हरकत कसली," आपा म्हणाली. "हात नीट दिसतील असेच धरते."

दुसऱ्या दिवशी वस्ती लोटली. दगडावर फुलं, बाजूला सतरंजी, मोठ्या ताटात बोरसोक, कणकेचे तळलेले फुगीर तुकडे. राइसाने भाषण केलं, रशियनमध्येच. किर्गिझ ती बाजारातल्या भावतावापुरतं बोलायची आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता. भाषण संपवून ती आपाच्या शेजारी येऊन उभी राहिली, कॅमेऱ्यांकडे तोंड करून, हसत. पांढऱ्या रुमालातल्या म्हातारीला तिने ओळखलं नाही.

झुराकान आपाने हात वर केले. पण तळवे आभाळाकडे नाहीत. तिने हात उलटे धरले, भाजलेली बाजू वर.

आमच्याकडे अगदी लहान पोरालाही ठाऊक असतं की हात असे धरायचे नसतात. तळवे वर करून दिला तर आशीर्वाद, आणि हात उलटे करून दिला तर तळतळाट. अंगणातल्या भांडणातसुद्धा तो कुणी देत नाही, कारण तो दगडालाही लागतो असं म्हणतात. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी टोप्या सावरल्या. एका बाईने पोराला पदराखाली ओढलं. सोनुन "आपा, नको," असं पुटपुटली, पण आपा सुरू झाली होती. शब्द खोऱ्यातले, जुन्या वळणाचे, आवाज एकदम शांत.

"ज्यांनी हा दगड तीनदा ठेवला आणि दोनदा उचलून नेला, त्यांच्या घरची चूल विझो. ज्या तोंडाने माझ्या लेकराला दारातून हाकललं, त्या तोंडाला कुणाच्याही दारात 'या' म्हणणारं न भेटो. ज्या हातांनी आमच्या पोरांची शाळा कारंज्यात बुडवली, ते हात ह्या माझ्या हातांसारखे होवोत."

इथे ती थांबली. 'ओमीयिन' म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवले की म्हटलेलं पक्कं होतं, परत घेता येत नाही. आपाने ते म्हटलं नाही. घशाशी आलं होतं, पण तिला ते तसंच लोंबकळत ठेवायचं होतं. धमकी टांगलेलीच बरी, एवढं शहाणपण तिला त्या रागातही होतं.

पण राइसा कासिमोव्नाला आपाच्या बोलण्यातलं अक्षर कळलं नव्हतं. म्हातारीने हात कसे धरलेत ते तिने कॅमेऱ्याकडे हसता हसता डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं होतं आणि वस्तीची काही खास पद्धत असेल असं समजून स्वतःचेही तसेच धरले होते. घड्याळ वर, नखांचा रंगही वर. म्हातारी थांबली, सगळे गप्प. आता आपली पाळी असं वाटून ती मोठ्या, गोड आवाजात म्हणाली, "ओमीयिन!" आणि हातांच्या मागच्या बाजूने स्वतःचे दोन्ही गाल पुसले.

टाळी नाही. खोकला नाही. बोरसोकच्या ताटाला कुणी हात लावला नाही. तिचा ड्रायव्हर खेड्यातला माणूस, तो धावत आला. "बाईसाहेब, हे काय करून बसलात!" तो म्हणाला. "तुम्ही स्वतःच हो म्हणालात!"

संध्याकाळपर्यंत ते चित्रण शहरातल्या प्रत्येक फोनवर होतं. शिक्षणाची प्रमुख आपल्यालाच लागलेल्या तळतळाटाला गोड हसून होकार देते आहे. लोक पोट धरून हसले आणि मग जरा घाबरलेही. आपाने सोनुनच्या फोनवर ते अकरा वेळा पाहिलं. बाराव्यांदाही पाहिलं असतं, पण बॅटरी संपली.

तिसऱ्या दिवशी राइसा कासिमोव्ना आपाच्या दारात उभी होती. हातात साखर, चहाचा डबा आणि भेट म्हणून रेशमी रुमाल. चेहरा उतरलेला.

"आपा, आत येऊ का?"

"दाराला कुलूप नाही," आपा म्हणाली. या म्हणाली नाही.

राइसा दारातच उभी राहिली. "त्या दिवशी शाळेत... ती तुमची नात होती. मला आत्ता कळलं."

"मला तेव्हाच कळलं होतं. रशियनमध्ये."

राइसाचा चेहरा लाल झाला, आणि पुढचं ती रशियनमध्येच बोलली. "आपा, माझी सून घरात पाऊल टाकू देत नाही. म्हणते, बाळाला बाधेल. खात्यातली माणसं माझ्या हातचा चहा घेत नाहीत. तुम्ही हात सुलटे करून दोन शब्द बोला. मी पोरीला उद्यापासून माझ्या जुन्या शाळेत बसवते. सकाळच्या पाळीत. पहिल्या बाकावर."

आतल्या खोलीत काहीतरी सरकलं. चोल्पोनाय दाराच्या फटीत आली. "उद्यापासून" एवढं तिने ऐकलं होतं. जांभळं दप्तर पाठीला लावलेलंच होतं, पट्टेसुद्धा घट्ट ओढलेले.

"आणि बाकीची दोनशे तेरा?" आपाने विचारलं.

"एवढ्यांना जागा कुठून आणू मी?"

"मग साखर उचला. साखर जड नाही. दगडही उचलून नेतच होतात की तुम्ही."

राइसा गेली. बाकीच्या दोनशे तेरांसाठी आपाने मन मोठं केलं, असं वस्तीत आजही सांगतात. ते निम्मंच खरं आहे. ती बाई एकदा आली, पण एकदाने आपाचं भागलं नव्हतं. तिला पुन्हा यायला लावायचं होतं, आणखी वाकून.

"चोनआपा, उद्या जायचं ना?" चोल्पोनायने विचारलं.

"नाही."

पोरगी रडली नाही. दप्तर काढलं, खुंटीला लावलं, आणि तंदूरमागे जाऊन बराच वेळ बसली. आपाने तिला हाक मारली नाही, कारण हाक मारून सांगणार काय?

मॉस्कोहून मुलाचा फोन आला. "आई, सोनुनने सगळं सांगितलं. जागा चालून आली होती आणि तू लाथाडलीस?"

"सगळ्यांची येईल तेव्हा तिचीही येईल."

"सगळ्यांचं मला नको सांगूस. तुझ्या सूडापायी माझ्या पोरीचं वर्ष गेलं."

आपाने फोन बंद केला. त्याचं बोलणं बरोबर होतं, म्हणून ती त्याच्यावर महिनाभर चिडून होती.

मंगळवार हा पालिकेत नागरिकांना भेटायचा दिवस. पुढच्या मंगळवारी सोनुन अर्जांची थप्पी घेऊन निघाली, तर मागे तीस बाया. घोषणा द्यायची परवानगी नव्हती, म्हणून कुणी दिली नाही. पायऱ्यांसमोर ओळीने उभ्या राहिल्या आणि सगळ्यांनी हात उलटे धरले. बस्स. एक शब्द नाही. पोलिस आले, पण तेही खोऱ्याखोऱ्यातले, गावाकडच्या आयांची पोरं. त्यांतला एक आपाला म्हणाला, "आपा, आम्हाला मध्ये धरू नका हां. आम्ही बाजूला उभे राहतो." आणि खरोखरच ते बाजूला झाले, हातांच्या रेषेत कुणी येऊ नये म्हणून. पालिकेतले साहेब मागच्या दाराने ये-जा करू लागले. बर्फ पडला, बाया येतच राहिल्या, पुढे शंभर, मग तीनशे. बाप्येही येऊ लागले, पण त्यांना मागच्या रांगेत उभं केलं. सोनुन आत जाऊन आकडे मांडायची, इतकी मुलं, इतक्या खोल्या, इतका निधी, आणि बाहेर झुराकान आपा हात उलटे धरून असायची. थंडीने भाजलेली कातडी तडकायची. तिने हातमोजे घातले नाहीत. हात दिसायला हवेत, म्हणायची.

कोकजारची पोरंही हे शिकली. शाळा नसल्यामुळे त्यांना दिवसभर वेळच वेळ. पावाची गाडी उशिरा आली की तिच्याकडे उलटे हात. कोंबडी अंडं देईना की कोंबडीकडे उलटे हात. चोल्पोनाय तर यात पटाईत झाली, आजीसारखीच मान ताठ करून धरायची. बाया पोट धरून हसायच्या. आपाही हसली होती.

मार्चमध्ये पालिकेच्या सभेत कोकजारच्या शाळेचा निधी मंजूर झाला, आणि पहिलीच्या प्रवेशासाठी शिक्क्याची अट काढली गेली. सोनुन तिथेच पायऱ्यांवर बसून रडली. एकमजली, बारा वर्गांची इमारत ऑगस्टपर्यंत उभी राहिली. भट्टी बसवताना झुराकान आपा तिथे रोज जाऊन उभी राहायची आणि कामगारांना शिकवायची. एकदा त्यांनी पाइप चुकीच्या उताराने लावला तेव्हा तिने तो उखडायला लावला.

नव्या शाळेला मुख्याध्यापक हवा होता. कुणी तयार होईना. शेवटी वरच्यांनी राइसा कासिमोव्नालाच खात्यातून काढून इथे पाठवलं. म्हणे, ओमीयिन तुम्हीच म्हटलं होतंत, आता तुम्हीच निस्तरा. ही बातमी ऐकून आपाने अख्ख्या गल्लीला चहा पाजला.

एक सप्टेंबर. शाळा सुरू होण्याचा, पहिल्या घंटेचा दिवस. अंगणात पहिलीची मुलं ओळीने उभी, मुलींच्या केसांत पांढऱ्या रिबिनी, हातांत फुलं. चोल्पोनाय ओळीत सगळ्यांहून डोकंभर उंच होती. जांभळं दप्तर तिला आता लहान होत होतं. बायाबाप्ये, म्हातारे, सगळे आपाकडे बघत होते. आज हात सुलटे होणार हे वस्तीत ठरून गेलं होतं.

राइसा कासिमोव्ना पुढे आली. घड्याळ नव्हतं, केसांचा रंग उतरला होता. ती आपासमोर वाकली, चांगली वाकली, आणि अडखळत्या किर्गिझमध्ये म्हणाली, "आपा, शाळा उभी राहिली. मला माफ करा. आता आशीर्वाद द्या."

याच क्षणासाठी आपाने एक वर्ष काढलं होतं. काय बोलायचं ते तंदूरसमोर शंभर वेळा घोकलं होतं. आधी मिर्क हा शब्द इथे सगळ्यांसमोर उच्चारायला लावायचा, मग पोरीची माफी मागायला लावायची, आणि मग बघू. तिने तोंड उघडलं.

आणि लोकांमधून तोच आवाज आला, वर्षापूर्वीसारखा, पदर ओढल्याचा, श्वास अडकल्याचा. आपाने मान वळवली.

चोल्पोनाय ओळीतून एक पाऊल पुढे आली होती. फुलं खाली ठेवली होती. मान ताठ, आणि दोन्ही हात उलटे, सरळ राइसा कासिमोव्नाकडे धरलेले. आठ वर्षांचे कोवळे हात, मागच्या बाजूला एक डाग नाही. आणि डोळे कोंबडीकडे बघतानाचे नव्हते. पोरगी खेळत नव्हती. मिर्क म्हणजे पाखरू नव्हे, हे तिला वर्षभरात कधीतरी कळलं होतं. ओठ हलत होते. आजीचे शब्द तिला सगळे पाठ होते, चूल विझो इथपासून. वर्षभरात पोरगी शाळेत गेली नव्हती. शिकली होती ती एवढंच.

झुराकान आपा धावली. त्या वयाला जमेल तशी धावली, रुमाल सुटला. ओमीयिन म्हणायच्या आत तिने पोरीची दोन्ही मनगटं पकडली आणि हात उलटवून तळवे आभाळाकडे केले. ते गरम होते, घामेजलेले. पोरीने जोर लावला. आजीने आणखी लावला.

"तिने मला..." चोल्पोनाय म्हणाली.

"माहितीये मला तिने काय म्हटलं. ते माझं काम आहे. तुझं काम आत."

तळवे पोरीच्या चेहऱ्यावरून फिरवून ती म्हणाली, "शिकून मोठी हो. सगळी शिका. ओमीयिन." आणि अंगणभर सगळ्यांनी म्हटलं, "ओमीयिन."

घंटा झाली. ओळ आत गेली, सगळ्यात शेवटी डोकंभर उंच चोल्पोनाय, मागे वळून न बघता. राइसा कासिमोव्ना अजून वाकूनच उभी होती.

"आपा, आणि माझं?"

पोरीचे हात झुराकान आपाने सुलटे केले होते. स्वतःचे तिने पाठीमागे घेतले आणि हिवाळ्यासाठी भट्टी नीट तयार आहे की नाही ते बघायला निघून गेली.